बाईंनी न दिलेला दाखला

डॉ. इंदुमती राऊत यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती हजेरी घेताना. अलिबागच्या महाविद्यालयात मी विज्ञान शाखेत नुकताच दाखल झालो होतो. आमच्याकडे नवं माणूस भेटलं की पहिला प्रश्न 'गाव कुठलं?' आणि लगेच दुसरा 'कुणाचा रे तू?' बाईंनी पहिला प्रश्न विचारला. मी म्हणालो, "भाटवेळ." बाईंचं माहेर भाटवेळचंच, हे मला घरून सांगितलेलं होतं. त्यामुळे दुसरा प्रश्न येणार म्हणून मी धास्तावलोच होतो. तो विचारायच्या आधीच मी मान खाली घालून सांगून टाकलं, "दारउघड्यांचा." मागच्या बाकावर गावचंच कुणीतरी होतं, ते हसलं. बाई म्हणाल्या, "ते मी विचारलं नाही. तुझं स्वतःचं नाव सांग." मी नाव सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

'दारउघडे' म्हणजे काय, हे मला पुढे सविस्तर सांगावंच लागणार आहे, कारण बाईंविषयी मला जे म्हणायचं आहे ते त्या शब्दाला वळसा घालून म्हणता येत नाही. पण गौरवग्रंथात आधी कार्याविषयी लिहावं अशी रीत आहे आणि संपादकांनी मला ती दोनदा बजावली आहे. तेव्हा आधी कार्य.

बाईंचं संशोधन भातावरचं. आपल्या किनाऱ्यावर खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरतं आणि जमीन खारट करून ठेवतं. अशा खारजमिनीत राता नावाचा तांबडा भात तग धरतो, तो कसा धरतो हा बाईंचा जन्माचा विषय. पेणच्या खाडीपासून खाली पार दक्षिणेपर्यंत त्या साडी खोचून चिखलात उतरल्या, शेतकऱ्यांच्या कणग्यांतून मूठमूठ बियाणं जमवलं आणि त्या एका भातावर असं काम करून ठेवलं, की आज परदेशातले अभ्यासकही त्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्या कामाबद्दल या ग्रंथात जाणकार लिहितीलच. मी रक्त, लघवी तपासून पोट भरणारा माणूस, मी त्यांच्या वर्गाबद्दल लिहितो.

आनुवंशिकता शिकवताना बाईंनी महाविद्यालयाच्या आवारात दोन टपांत भात पेरायला लावला होता. दाणे एकाच लोंबीतले. एका टपाला विहिरीचं पाणी, दुसऱ्याला खाडीतून आणलेलं. काही आठवड्यांनी एक टप हिरवागार झाला आणि दुसऱ्यातली रोपं खुजी, पिवळट राहिली. बाईंनी विचारलं, "हा भात असा का?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "बियाणं वाईट." बाई म्हणाल्या, "बियाणं एकच आहे, गाढवांनो. तुम्हीच निवडलंत." मग त्या जे बोलल्या ते माझ्या पुढच्या पिढ्यांतल्या विद्यार्थ्यांनीही ऐकलं असेल: बियाणं काय करू शकतं आणि ते खरोखर काय करतं, या दोहोंच्या मध्ये शेत असतं. जो नुसतं बियाणं बघून पीक सांगतो तो शास्त्रज्ञ नाही, ज्योतिषी आहे. परीक्षेत यावर प्रश्न यायचा आणि आम्ही तो घोकून लिहायचो. त्याचा अर्थ मला कळायला पुढची तीस वर्षं जायची होती.

बाईंना जनुकांचं महत्त्व कमी करायचं होतं असं मात्र कुणी समजू नये. माझी प्रयोगशाळा सुरू झाल्यावर एकदा पालीकडचं एक कुटुंब आलं. लहान मुलीला थॅलेसेमिया निघाला होता, आणि सासू सगळ्यांदेखत सुनेला बोलत होती, "हिच्या म्हायेरचंच रगत नासकं." मी बाईंना फोन केला. निवृत्त होऊन नागावला राहणाऱ्या बाई रिक्षा करून आल्या. माझ्या टेबलावरच्या नळ्यांची तांबडी आणि पांढरी बुचं त्यांनी सासूबाईंपुढे मांडली आणि शांतपणे समजावलं, की हा आजार होण्यासाठी एक पांढरं बूच आईकडून यावं लागतं आणि एक बापाकडून. एकट्या आईकडून तो येत नाही. सासूबाईंनी एक पांढरं बूच उचललं. "म्हंजे माज्या ल्योकात पन हाय?" "हो. आणि त्याच्यात ते तुमच्याकडून आलं असेल किंवा तुमच्या यजमानांकडून. त्यात कुणाची चूक नाही." त्यानंतर सासूबाईंनी सुनेच्या मांडीवरून नात स्वतःकडे घेतली. जिथे जनुकाला स्पष्ट बोलता येतं तिथे बाईंनी त्याला मोकळेपणाने बोलू दिलं. जिथे त्याच्या तोंडी लोक आपलेच शब्द घालतात, तिथे त्यांचं डोकं फिरायचं.

डोकं फिरायचं म्हणजे फिरायचंच. बाई चिडक्या आहेत, हे गौरवग्रंथात लिहायचं नसतं, पण त्या स्वतः हे वाचणार आहेत आणि खोटं लिहिलेलं त्यांना खपत नाही. लग्नाची पत्रिका हातात पडली की आधी त्यातल्या चुका काढतात, मग नवरानवरी कोण ते बघतात. चहा दोनदा उकळल्याशिवाय पीत नाहीत. आणि पाण्याला भितात. चारी बाजूंनी नारळी-पोफळी आणि समोर समुद्र अशा गावात जन्मलेल्या या बाई होडीत पाय ठेवत नाहीत. विद्यापीठाच्या बैठकांना बाकी सगळे मांडव्याहून लाँचने तासाभरात मुंबईला पोचायचे, बाई एसटीने वडखळमार्गे जायच्या. वडखळच्या कोंडीत त्यांनी जितके पेपर तपासले तितके घरीसुद्धा तपासले नसतील. ही भीती गावात पोराटोरांना ठाऊक आहे, आणि ती पुढे कामी आली.

आता दारउघडे.

भाटवेळच्या समोर समुद्रात एक लहानसा कोट आहे. ओहोटीला चालत जाता येतं. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी त्या कोटाला शत्रूच्या गलबतांचा वेढा पडला. गावात सांगतात ते असं, की हरजी सारंग नावाच्या वीराने वादळात आपलं गलबत वेढ्यातून बाहेर काढलं आणि मदत आणायला गेला. तो मदत घेऊन परतायच्या आतच बाळोजी नावाच्या पहारेकऱ्याने आतून दार उघडलं आणि कोट पडला. हरजींचे वंशज म्हणजे गावातले सारंगे, बाईंचं माहेर. बाळोजीचे वंशज म्हणजे आम्ही.

आम्हाला गावाने वाळीत टाकलं असं अजिबात नाही. लग्नाला बोलावतात, मयताला येतात, आमच्या शेतातल्या वांग्यांचं कौतुक करतात. फक्त चैत्रात देवीची पालखी निघते, तेव्हा एक गोष्ट घडते. पालखी ज्या आळीत शिरते त्या आळीतले पुरुष पुढे होऊन खांदा घेतात आणि आधीचे खांदेकरी मोकळे होतात. प्रत्येक आळीत खांदा बदलतो. आमच्या आळीत बदलत नाही. घामाने निथळणारे तेच खांदेकरी आमच्या घरांपुढून पालखी तशीच पुढे नेतात. आमच्या बायका ओवाळतात, पुरुष हात जोडून उभे राहतात. कुणी काही बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही घडतच नाही. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आता ऐंशीला टेकले आहेत. मिठागरात आणि शेतात ज्यांनी आयुष्यभर ओझी वाहिली, त्यांच्या खांद्यावर ते एक ओझं कधी आलं नव्हतं. मरायच्या आत एकदा पालखीला खांदा द्यावा, याखेरीज त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी गावाने हरजी सारंगांचं स्मारक बांधायचं ठरवलं. समितीचे अध्यक्ष झाले दिगंबर सारंगे, बाईंचे धाकटे बंधू. किनाऱ्यावर पॅराशूट आणि बोटींचा त्यांचा मोठा व्यवसाय आहे. माणूस दिलदार आहे, आणि पूर्वजांचा अभिमान म्हणाल तर नको इतका. त्यांना मुंबईची एक कंपनी भेटली. प्लास्टिकच्या नळीत थुंकायचं, नळी पाठवून द्यायची, की डीएनए वाचून तुमचा स्वभाव सांगतात. सारंग्यांच्या घरातल्या सगळ्यांनी नळ्या भरल्या. भावाने हट्ट धरला म्हणून बाईंनीही भरली. अहवाल आले, कंपनीचा माणूस आला, आणि सारंगे घराण्यात धाडसाकडे कल दाखवणारा एक प्रकार सापडला असं त्याने जाहीर केलं. दिगंबरदादांना आकाश ठेंगणं झालं. स्मारकावरचा मजकूरही ठरला: 'धैर्य ज्यांच्या रक्तातच होते'. कोणीतरी पुढची सूचना केली, की मग कोटाच्या दारापाशीही एक शिळा हवी: 'येथे बाळोजीने दार उघडले, ज्याच्या रक्तात इमान नव्हते'. शास्त्रीय आधार हवा म्हणून आमच्या आळीच्याही नळ्या घ्यायचं ठरलं. या सगळ्यावर सही कोणाची घ्यायची? गावची लेक, जनुकशास्त्राची डॉक्टर, आपल्या बाई आहेतच.

अण्णांना हे कळलं तेव्हा ते माझ्यावर उलटले नाहीत की गावावर. ते म्हणाले, "घेव दे ना. आमचं रगत तपासू दे. काय ता येकदा व्हऊन जाव दे." मलाही ते पटलं. मी तर रक्ताचाच धंदा करतो. आमच्या रक्तात काही निघणार नाही याची मला खात्री होती, आणि तसा कागद हातात पडला की गावाचं तोंड बंद होईल, अण्णांना खांदा मिळेल, असा सरळ हिशेब मी मांडला आणि बाईंकडे गेलो.

बाई ओटीवर सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, नमुने मी घेतो, तपासणीचं मी बघतो. तुम्ही फक्त लिहून द्या, की दगाबाजीचं जनुक नसतं आणि ते आमच्यात नाही."

"पहिलं वाक्य आत्ता लिहून देते," बाई म्हणाल्या. "दुसरं देणार नाही."

"का?"

"जे नसतंच ते तुमच्यात नाही, असा दाखला कसा द्यायचा? तो मी तुम्हाला दिला की उद्या गाव म्हणेल, ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांच्यात असेल. आणि समजा, त्या कंपनीने तुमच्याही थुंकीत काहीतरी काढून दाखवलं, तर? मग काय, मानणार आहेस?"

"नाही," मी म्हणालो.

"अहवाल चांगला आला तरच मानायचा असेल, तर तपासायचं कशाला रे?"

माझा तोल गेला. मी म्हणालो, "तुमचं ठीक आहे बाई. तुम्ही सारंग्यांच्या. तुमच्या आळीत खांदा बदलतो."

सुपाऱ्यांवरचा त्यांचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "म्हणून तर सुरुवात मला माझ्या घरापासून करायला हवी." मी चहा न घेता निघून आलो. आज सगळं पार पडल्यावर हे लिहितो आहे, तरी अधूनमधून मला वाटतंच, की तेवढा एक कागद बाईंनी दिला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? शास्त्राच्या बाजूने त्यांचं बरोबर होतं हे मला कळतं. पण शास्त्राला बाप नसतो, मला होता आणि तो म्हातारा झाला होता. हा राग त्यांच्या गौरवग्रंथात लिहायची मुभा मी त्यांच्याकडूनच घेतली आहे.

वैशाखात देवळाच्या सभामंडपात गावाची बैठक झाली. बाई नागावहून आल्या. हातात अहवाल होते. दिगंबरदादांनी मोठ्या मानाने त्यांना पुढे बसवलं आणि म्हणाले, "आता ताईच सांगेल."

बाई उभ्या राहिल्या. "या कागदांप्रमाणे," त्या म्हणाल्या, "आमच्या घरात सगळ्यांत धाडसी मी आहे. धाडसाचा म्हणतात तो प्रकार माझ्यात आईकडूनही आला आहे आणि वडिलांकडूनही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागे एक म्हातारी फिसकन हसली आणि पाठोपाठ सगळा मंडप हसायला लागला. ज्या बाई ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यातून जाताना दुसऱ्याचा हात सोडत नाहीत, त्या सगळ्यांत धाडसी! बाई स्वतःही हसल्या. म्हणाल्या, "आणि आमच्या दिगूमध्ये तो प्रकार अजिबात नाही. तो रोज माणसांना दोरीला बांधून समुद्रावर उडवतो. आता मला सांगा, यातलं खरं काय, कागद की आम्ही?"

हसणं ओसरल्यावर त्यांनी समजावायला घेतलं. हजारो माणसांची सरासरी काढली तर अशा एखाद्या प्रकाराने अगदी बारीक फरक पडलेला दिसतो, कधी तोही दिसत नाही. पण सरासरीतला तो फरक एका माणसाच्या कपाळावर चिकटवता येत नाही. वाडीतल्या सगळ्या माडांचा हिशेब करून कुणी म्हणेल, की उंच माडाला नारळ जरा कमी लागतात. म्हणून समोरचा एक उंच माड दाखवून, याच्या खापरपणजोबाला अमुक साली किती नारळ लागले होते ते सांगा, असं विचारलं तर वाडीवालाच हसेल. शिवाय हरजी होऊन नऊ-दहा पिढ्या झाल्या. तेवढ्या मागे गेलं तर प्रत्येकाचे शेकड्यांनी पूर्वज निघतात. त्यांच्यात भित्रे होते, आळशी होते, भांडकुदळ होते, एखादा साधूही असेल. आपण पाटी लावतो ती एकाचीच. त्या एकाचं आपल्यात चिमूटभर आलेलं असेल, किंवा काहीही आलेलं नसेल.

"हाडं मिळाली तर डीएनएवरून सांगता येईल की ती पुरुषाची की बाईची, कुणाच्या नात्यातली, काही आजार होता का," बाई म्हणाल्या. "माझं सगळं आयुष्य त्या शास्त्रात गेलं, मला त्याचा अभिमान आहे. पण त्या दिवशी हरजींच्या मनात काय होतं ते त्यात लिहिलेलं नाही. आणि एक विचारू? धैर्य जर त्यांच्या रक्तानेच दाखवलं, तर हरजींनी काय केलं? भीती वाटत असूनही ते वादळात गेले असतील, तर त्याचं मोल आहे. रक्तच सगळं करणार असेल तर पुतळा माणसाचा कशाला, रक्ताच्या बाटलीचा उभारा."

हे दिगंबरदादांना लागलं. मंडपात सगळ्यांसमोर बहिणीने पूर्वजांची थट्टा केली, असंच त्यांना वाटलं. ते उठले. आवाज चढला होता. "बरं, रक्ताने न्हाय केलं. मग तूच सांग ना ताई, बाळोजीने दार का उघडलं? सांग!"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कोटात चल. पाणी उतरलंय."

त्या भर दुपारी आम्ही वीसेक माणसं ओल्या वाळूतून कोटाकडे निघालो. बाईंनी माझा दंड घट्ट धरला होता आणि दर थोड्या वेळाने विचारत होत्या, "भरतीला वेळ आहे ना रे?" अण्णा काठी टेकत मागून येत होते. कोटात बोरी माजल्या आहेत, तट ढासळला आहे, मधोमध एक विहीर आहे. बाईंनी कुणालातरी पोहरा सोडायला सांगितला. पाणी वर आलं ते त्यांनी आधी स्वतः तोंडात घेतलं, मग भावापुढे धरलं. दादांनी घोट घेतला आणि थुंकून टाकला. मग पोहरा हातोहात फिरला आणि ज्याने त्याने तोंड वाकडं केलं. पावसाळ्यात गोड असणारं ते पाणी वैशाखात खारट मचूळ होतं.

"वेढा वैशाखात पडला होता असं आपल्याच गावात सांगतात," बाई म्हणाल्या. "आत शिबंदी होती. बायका होत्या, पोरं होती. हरजी कधी येतील कुणाला ठाऊक नव्हतं, येतील की नाही तेही नाही. बाळोजी दारावर उभा होता आणि त्याच्या पाठीमागे हे पाणी होतं."

शेवटच्या माणसाने पोहरा विहिरीच्या काठावर ठेवला.

"तहानेपायी त्याने दार उघडलं, असं मी म्हणत नाही. लालूच असेल. धाक असेल. कुणाचा हुकूमही असेल, आणि बोल एकट्यावर आला असेल. मी तिथे नव्हते, तुम्हीही नव्हतात. माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणायचं. पण शोधायचंच असेल तर इथे शोधा, माणसांच्या थुंकीत शोधू नका."

परत येताना अण्णा माझ्या शेजारून चालत होते. मी अजूनही घुश्शात होतो. म्हणालो, "बघा, शेवटपर्यंत बाईंनी आपल्याला निर्दोष म्हटलं नाही." अण्णा थांबले. म्हणाले, "अरं येड्या, निर्दोश म्हनायला आदी खटला लागतो. बाई म्हनल्या, खटलाच न्हाय." तीस वर्षांपूर्वीच्या वर्गातल्या त्या बियाण्याच्या आणि शेताच्या वाक्याचा अर्थ मला त्या वाळूत कळला, आणि तोही बाईंकडून नाही, अण्णांकडून.

दोन्ही मजकूर बारगळले. स्मारकावर हरजींनी काय केलं तेवढंच साध्या शब्दांत कोरलं गेलं, कोटाच्या दारापाशी शिळा बसली नाही. पण याचा भुर्दंड बाईंना पडला. त्या वर्षी भाऊबीजेला दिगंबरदादा नागावला आले नाहीत. मी सहज म्हणून संध्याकाळी डोकावलो होतो. पाट मांडलेला होता, ताटात निरांजन होतं, वेलदोड्याचा वास येत होता. बाईंनी मला काही सांगितलं नाही, मीही काही विचारलं नाही. "तू बस, तुला ओवाळते," असंही त्या म्हणाल्या नाहीत. भावाची जागा त्यांनी कुणाला दिली नाही. करंज्या मात्र डबा भरून दिल्या. त्या दिवशी माझा राग बराचसा विरघळला. मला एक कागद नाकारला म्हणून मी रुसलो होतो, आणि खरं बोलायची किंमत त्या पाटावर मोजत बसल्या होत्या.

नंतरच्या चैत्रात पालखी निघाली. बाई माहेरी आल्या होत्या आणि भावाच्या घरी न उतरता देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. पालखी आमच्या आळीत शिरली तेव्हा पुढच्या दांडीला दिगंबरदादा होते. आमच्या बायकांनी ओवाळलं. आम्ही हात जोडून उभे होतो. पालखी पुढे जायची ती जागच्या जागी थांबली. दादा कुणाकडेही न बघता मोठ्याने म्हणाले, "दमलो बा. कोन घेतंय?"

कुणीच पुढे झालं नाही. आम्हाला ऐकू आलं नाही असं नव्हे. आमच्या आळीत कुणाला खांदा कसा घ्यायचा तेच माहीत नव्हतं. आधी वाकायचं की आधी दांडी धरायची, डावा खांदा की उजवा, हे बापाने पोराला शिकवायचं असतं, आणि आमच्या बापांना त्यांच्या बापांनी शिकवलेलं नव्हतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग अण्णांनी काठी माझ्या हातात दिली आणि पुढे झाले. दादांनी आपल्या गळ्यातला पंचा काढला, त्याची घडी करून अण्णांच्या खांद्यावर ठेवली. "हां. आता वाका जरा, काका. पाय फाकवून उभं ऱ्हा. घाई न्हाय." ज्या तोंडाने आमच्या रक्ताचा हिशेब मांडला होता तेच तोंड आता अण्णांना पाय कुठे ठेवायचा ते सांगत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पालखी आमच्या आळीतून गेली ती वाकडीतिकडी, हेलपाटत गेली, कारण आमची उंची जुळेना आणि पावलं पडेनात. एवढी वाईट पालखी भाटवेळमध्ये कधी कुणी वाहिली नसेल. अण्णांच्या खांद्यावर जांभळा वळ उठला. मी मलम लावायला गेलो तर त्यांनी हात झटकला आणि पुढचे कितीतरी दिवस सदराच घातला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको का?

मी दिगंबरदादांना नंतर विचारलं, एकदम कसं काय वाटलं तुम्हाला? ते म्हणाले, "ताईचं सगलं पटलं असं समजू नको. पन त्या हिरीचं पानी काय तोंडातून जाईना." त्या दिवाळीला ते नागावला गेले, हे या ग्रंथाच्या वाचकांना कळवताना मला आनंद होतो.

बाईंनी आता पंच्याहत्तरी गाठली आहे. त्यांच्या शिष्यांपैकी कुणी त्यांचे आभार मानील ते त्यांनी दिलेल्या ज्ञानासाठी, कुणी नोकरीसाठी, कुणी पाठीवरच्या हातासाठी. मी आभार मानतो ते त्यांनी मला जे दिलं नाही त्यासाठी. त्यांचे गुडघे कुरकुरत नाहीत, डोळे पत्रिकेतली चूक अजून पहिल्या फटक्यात पकडतात. हे सगळं असंच राहो, भावाचं येणंजाणं असंच राहो, आणि न पटणाऱ्या कागदापुढे त्यांची लेखणी अशीच अडून बसो. हा लेख मी अण्णांना वाचून दाखवला आणि विचारलं, तुमच्याकडून बाईंना काय कळवू? अण्णांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "लिव, बाईंना म्हनावं, चैत्रात वाइच उशिरानं आलात तरी चालंल. पालखीला आता आमच्या आलीत टाइम लागतो."